स्वयंभू म्हणजे काय

कांदिवली स्थानकाच्या पश्चिमेस राहणाऱ्या माणसाच्या पत्त्याखाली ४०००६७ हा क्रमांक लिहावा लागतो आणि रूळ ओलांडून पूर्वेस गेले की त्याच्या जागी ४००१०१ येतो. या दोन क्रमांकांची पाठवणाऱ्याच्या हातून अदलाबदल झाल्यामुळे माझ्या नावाचा एक लिफाफा काही दिवस पूर्वेकडे मुक्काम करून गेल्या वैशाखात माझ्या हाती आला, आणि त्याच्याच कोऱ्या पाठीवर माझ्या पाचवीतल्या नातीने सुटीच्या दुपारी ज्या वजाबाक्या मांडल्या, त्यांतून हा सारा मजकूर निघाला आहे. तिला वर्गात एक खेळ शिकवला होता. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, मात्र चारही अंक सारखे नसावेत. ते अंक आधी उतरत्या क्रमाने लिहावेत, खाली चढत्या क्रमाने लिहावेत आणि वजाबाकी करावी. जे उत्तर येईल त्याचे पुन्हा तसेच करावे. चार अंकांचा कंटाळा आला तेव्हा तिने लिफाफ्यावरचे खोडलेले आणि दुरुस्त केलेले असे दोन्ही सहा अंकी क्रमांक घेतले. आमच्या पश्चिमेच्या ४०००६७ पासून ७६३५३३ आले, त्यापासून ४३१७६६, त्यापासून ६३१७६४. आणि पुढे कितीही वेळा वजाबाकी केली तरी ६३१७६४ च येत राहिले. पूर्वेच्या ४००१०१ ची गत निराळी झाली. ते ४१०८८६, ८७१७२२, ७५४४४३, ४०९९८६, ९५१७४१ असे धावत ८६०८३२ पर्यंत पोचले. तिथून ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२ आणि पुन्हा ८६०८३२! लिफाफ्याची पाठ भरली, तरी पूर्वेचा क्रमांक थांबेना.

“आबा, आपल्या घराचा नंबर थांबला आणि आत्याचा थांबतच नाही. हे कुणी ठरवलं?”

माझी मुलगी पूर्वेस राहते, म्हणून आत्याचा उल्लेख. उभे आयुष्य दुसऱ्यांचे जमाखर्च तपासण्यात घालवलेल्या मला वजाबाकी बरोबर आहे की नाही हे डोळ्यांनीच कळते. ती बिनचूक होती. परंतु ‘हे कुणी ठरवलं’ या प्रश्नाला माझ्या हिशेबाच्या दफ्तरात उत्तर नव्हते. डाकखात्याने १९७२ साली पिन क्रमांकांची पद्धत सुरू केली आणि पुढे या उपनगराला हे दोन क्रमांक दिले, येथवर अंमल कोणाचा ते सांगता येते. एक क्रमांक तीन पावलांत स्थिरावावा आणि दुसऱ्याने सात मुक्कामांच्या फेऱ्यात अखंड फिरावे, हा हुकूम मात्र कोणत्याही कचेरीतून निघालेला नाही.

ज्या गृहस्थांमुळे हा खेळ जगाला ठाऊक झाला ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आपल्याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावरील डहाणूचे. १९०५ साली त्यांचा जन्म झाला, आठव्या वर्षी आई गेली, आणि ज्योतिषाचा छंद असलेल्या कारकून वडिलांच्या सहवासात आकड्यांशी त्यांची जी मैत्री जडली ती १९८६ साली देहाबरोबरच सुटली. फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. तरी पुढे विद्यापीठाची खुर्ची नव्हे, तर देवळालीच्या शाळेतील मास्तरकी हेच त्यांचे स्थान राहिले, आणि १९६२ पर्यंत ते तिथे शिकवीत होते. गाडीची वाट पाहण्याचा वेळही त्यांनी वाया घालवला नाही. ज्या एका संख्यागणाची कल्पना त्यांना स्थानकावर सुचली त्याला त्यांनी त्या स्थानकाच्याच, म्हणजे आजच्या डोंबिवलीच्या, जुन्या नावावरून ‘डेम्लो’ म्हटले. स्वतःच्या पैशाने पुस्तिका छापायच्या, पत्रे लिहायची, परिषदांना जायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा गुण सांगितला. १९५५ साली तो परदेशी नियतकालिकात छापून आला. आणि १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले तेव्हा देवळालीच्या या मास्तरांचे नाव सर्वतोमुखी झाले.

तो गुण असा की, चार अंकी संख्येवर हा प्रयोग केला असता ती जास्तीत जास्त सात पावलांत ६१७४ वर येते आणि तेथून हलत नाही. दाखल्यादाखल शोध जाहीर झाला तेच वर्ष घेऊ. ९९४१ मधून १४९९ वजा जाता ८४४२. पुढे क्रमाने ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या पावलाला ६१७४. वाटेत आरंभी शून्य आले तर ते टाकायचे नाही, एवढेच पथ्य. ७६४१ मधून १४६७ गेले की पुन्हा ६१७४ च उरतात, म्हणून तेथे मुक्काम कायमचा. तीन अंकांच्या बाबतीत हेच मानाचे स्थान ४९५ कडे जाते. सहा अंकांना एकच विसावा नाही; ५४९९४५ आणि ६३१७६४ अशी दोन ठिकाणे आहेत आणि शिवाय तो सात मुक्कामांचा फेरा आहे. आमच्या स्थानकाची पश्चिम बाजू विसाव्याकडे गेली आणि पूर्व बाजू फेऱ्यात सापडली, ती अशी.

हे का घडते, याचा उलगडा नातीला समजेल इतका सरळ आहे. पहिल्या वजाबाकीचे उत्तर मूळच्या चार अंकांवर नव्हे, तर केवळ दोन फरकांवर अवलंबून असते: सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांतील फरक, आणि मधल्या दोन अंकांतील फरक. पहिल्याची ९९९ पट आणि दुसऱ्याची ९० पट यांची बेरीज म्हणजे ते उत्तर. असे फरक संभवतात अवघे ५४ प्रकारचे. म्हणजे ९,९९० संख्यांची ती अफाट जत्रा पहिल्याच दारातून आत शिरताना ५४ जणांवर येते, आणि त्या ५४ जणांची तपासणी शिसपेन्सिलीने एका तावावर करता येते. मी ती केली आहे. दोन दुपारी लागल्या. प्रत्येक वाट ६१७४ च्या उंबऱ्याशी आली. आता यात गूढ काही उरले नाही असे कोणी म्हणेल, तर माझा अनुभव याच्या उलट आहे. ज्याचे कारण कळत नाही त्याच्यापुढे माणूस स्तिमित होतो हे खरे, परंतु कारण संपूर्ण कळल्यावर आणि त्यात कोणाच्याही इच्छेला शिरकाव नाही अशी खातरजमा झाल्यावर जे वाटते, ते त्याहून खोल असते.

येथे एका मोहाचा उल्लेख केलाच पाहिजे, कारण तो मलाही झाला. एक क्रमांक विसावतो, दुसरा फेऱ्यात फिरतो, हे पाहताच मोक्ष आणि जन्ममरणाचे रहाटगाडगे यांची आठवण ज्याला होणार नाही तो या मातीतला नव्हे. त्यात ६१७४ च्या अंकांची बेरीज १८. ६१७४ ला १८ ने भागले तर येतात ३४३, म्हणजे सातचा घन. आणि अठरा, अठराचा वर्ग व अठराचा घन यांची बेरीज केली तर होतात नेमके ६१७४. अठरा म्हटले की गीतेचे अध्याय, भारताची पर्वे, पुराणांची गणती असे सारे धावून येते, आणि मन म्हणते, पाहा, खूण पटली. या पटलेल्या खुणेवर माझा विश्वास नाही. पूर्वेकडे राहणारी माझी मुलगी संसारचक्रात अडकली आहे आणि मी पश्चिमेस राहून मुक्त आहे, असा अर्थ कोणी लावील काय? मग अठराचाही लावू नये. आकड्याला आपल्या श्रद्धेचा साक्षीदार म्हणून उभे करणे म्हणजे जो बोलत नाही त्याच्या तोंडी आपला जबाब घालणे आहे. घरात ज्योतिषाचे वातावरण असूनही कापरेकरांनी आकड्यांकडून भविष्य मागितले नाही, त्यांचा स्वभाव विचारला, याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी फार आदर आहे.

मात्र आपल्या संख्यांना नावे देताना त्यांनी देवघरातलेच शब्द काढले. अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला निःशेष भाग जातो ती ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी. आणि जी संख्या दुसऱ्या कोणत्याही संख्येपासून, त्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून, उत्पन्न होऊ शकत नाही, ती ‘स्वयंभू’. २१ कसे झाले असे विचारले तर १५ पासून झाले असे सांगता येते, कारण १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१ होतात. २० मात्र कोणापासूनही झालेले नाही. हा शब्द आपल्या देवळांतला आहे. एक मूर्ती पाथरवटाने घडवलेली आणि मंत्रांनी प्रतिष्ठा केलेली. दुसरी कोणीही न घडवलेली, जमिनीतून वर आलेली, ती स्वयंभू. घडवलेल्या मूर्तीचा दस्तऐवज असतो, स्वयंभूचा नसतो.

आमच्या घरात आईची तुळशीची माळ आहे. तिचे मणी १०८, वर मेरुमणी निराळा. १०८ का, याचे उत्तर जुने लोक देत असत: सत्तावीस नक्षत्रे आणि प्रत्येकाचे चार चरण, किंवा बारा राशी आणि प्रत्येकीचे नऊ नवमांश. आमच्या महावीरनगरातले जैन शेजारी आपल्या माळेचे १०८ निराळ्या रीतीने जुळवतात: अरिहंतांचे बारा गुण, सिद्धांचे आठ, आचार्यांचे छत्तीस, उपाध्यायांचे पंचवीस आणि साधूंचे सत्तावीस. हे सारे आपण माणसांनी लावलेले हिशेब. परंतु कापरेकरांच्या कसोटीवर १०८ ही संख्या हर्षदही ठरते आणि स्वयंभूही ठरते, हे मला कळले तेव्हा मी ती माळ पुन्हा हातात घेऊन बसलो. ज्यांनी १०८ मणी ओवायला सांगितले त्यांना हे ठाऊक नव्हते. त्यांनी त्यासाठी ते निवडलेले नाहीत. निवड आपली, निवडलेल्याच्या पोटात काय होते, ते आपले नव्हे.

परंतु येथेच खरी हरकत उभी राहते, आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ६१७४ चिंचोक्यांचा ढीग समोर ठेवला तर त्या ढिगाला आपल्या विसाव्याच्या गुणाची काहीही वार्ता नसते. तो ढीग अठरांच्या ३४३ ओळींत मांडता येईल, हा ढिगाचाच गुण. कोणी मोजो वा न मोजो. पण अंक उतरते लिहा, चढते लिहा, वजा करा, हा मामला ढिगाचा नाही, त्याच्या लेखनाचा आहे. आणि आपण दहांच्या पायावर लिहितो ते आपल्या हाताला दहा बोटे आहेत म्हणून. पोयसरच्या चर्चमधल्या जपमाळेतही मण्यांचे गट दहा-दहांचेच असतात. आपल्याला आठ बोटे असती आणि आपण आठांच्या पायावर लिहिले असते, तर तोच ढीग १४०३६ असा पाच अंकांत लिहावा लागला असता, आणि त्या लेखनात चार अंकांची अशी अचल संख्या एकही नाही. मी तीही तपासली, एकही नाही. मराठीत संख्या आणि आकडा असे दोन शब्द आहेत ते बरे आहे. अठरांच्या ओळी हा संख्येचा गुण; विसावा हा आकड्याचा गुण. १०८ चे हर्षद असणे आणि स्वयंभू असणे हेही आकड्याच्याच बाजूला जाते. मग जो गुण आपल्या दहा बोटांच्या आधाराने उभा आहे, त्याला स्वयंभू तरी कसे म्हणावे?

आपल्या दर्शनकारांनी या प्रश्नाच्या अगदी जवळ येऊन विचार केलेला आहे. वैशेषिकांच्या मते संख्या हा द्रव्याचा गुण खरा, परंतु एकत्व जसे वस्तूत आपोआप असते तसे द्वित्व नसते. ‘हे एक, आणि हे एक’ अशी मोजणाऱ्याची बुद्धी, जिला ते अपेक्षाबुद्धी म्हणतात, ती प्रवृत्त झाल्यावरच दोन वस्तूंत द्वित्व उत्पन्न होते, आणि ती बुद्धी मावळली की तेही मावळते. प्रशस्तपादांनी मांडलेल्या या विचारावर उदयनाचार्यांनी, जे दहाव्या शतकात मिथिलेत होऊन गेले, न्यायकुसुमांजलीच्या पाचव्या स्तबकात ईश्वराच्या अस्तित्वाचे एक प्रमाणच उभारले. दोन परमाणूंपासून द्व्यणुक होते. त्याचे परिमाण परमाणूंच्या परिमाणापासून येऊ शकत नाही, त्यांच्या दोन असण्यापासून येते. दोन असण्याला मोजणारी बुद्धी हवी. आणि सृष्टीच्या आरंभी तर मोजणारा देहधारी कोणीच नव्हता. म्हणून मोजणारा ईश्वर होता. जगाची रचना पाहून रचणारा मानणे ही युक्ती पुष्कळांनी लढवली आहे. पण दोन मोजायलाही कोणीतरी हवा होता, म्हणून तो आहे, असे म्हणणारी युक्ती मला दुसरीकडे आढळलेली नाही, आणि तिचे सौंदर्य मी वर्षानुवर्षे विसरू शकलेलो नाही.

तरीही ती मला पुरती मान्य होत नाही. दोन मोजायला बुद्धी लागते, हे घटकाभर कबूल केले, तरी दोन आणि दोन चार होतात हे त्या बुद्धीच्या मुखत्यारीतले नाही. फ्रान्सच्या देकार्तने १६३० साली मर्सेन यांना लिहिलेल्या पत्रांत असे मांडले की राजा जसे आपल्या राज्यात कायदे जारी करतो तशी गणिताची सत्ये ईश्वराने जारी केली. लायब्निझला ते पटले नाही, आणि मलाही पटत नाही. कायदा जारी करणाऱ्याला तो मागेही घेता येतो. मी दहांचा पाया निवडला तो मला टाकून आठांचा घेता येईल. पण दहांचा घेतल्यावर ६१७४ ऐवजी ६१७५ वर विसावा मिळावा अशी तजवीज मला करता येत नाही, आणि ईश्वरालाही करता येईल असे माझ्या मनाला कल्पिता येत नाही. येथे मला मीमांसक अधिक जवळचे वाटतात. वेद त्यांनी अपौरुषेय मानले, म्हणजे माणसाने तर नाहीच, पण देवानेही ते रचलेले नाहीत. आणि कर्ता नाही म्हणूनच, त्यांच्या मते, त्यात दोष शिरण्याला वाट नाही. वेदांविषयी हे खरे की खोटे, हा वाद मी येथे उकरीत नाही. पण कर्त्यावाचून असलेले आणि तरीही वंदनीय असलेले काही असू शकते, हा विचार त्यांनी निर्भयपणे करून ठेवला आहे, आणि ६१७४ पुढे बसलो असता मला तो खरा वाटतो. स्वयंभूचा अर्थ मी आता असा घेतो: पाया आपण घातलेला असला तरी चालेल, पाया घातल्यावर जे वर येते ते घालणाऱ्याच्या स्वाधीन नसावे. स्वयंभू पाषाणावरही गाभारा माणसानेच बांधलेला असतो.

एवढे समजले तरी मनाची एक फिर्याद राहतेच. कर्ता नसलेले सत्य ऐकत नाही. आई अखेरच्या दिवसांत माळ ओढीत असे तेव्हा तिची गणती चुके. दोन मणी एकदम सरकत; कधी मेरुमणी बोटाला लागल्याचे तिच्या ध्यानात येत नसे आणि न ओलांडायचा मणी ओलांडून ती पुढे जाई; कधी ती मधेच थांबून माझ्याकडे पाही आणि विचारी, “किती झाले रे?” मी प्रत्येक वेळी सांगे, “एकशे आठ झाले, आई.” हिशेबनीस म्हणून मी आयुष्यात एकही खोटी बेरीज मांडलेली नाही, त्या महिन्या-दीड महिन्यात रोज मांडली, आणि आजही मला तिचा पश्चात्ताप नाही. १०८ या संख्येला तिच्या चुकीशी कर्तव्य नव्हते. चुकीने ती संख्या मळली नाही, की माझ्या खोट्या दाखल्याने पूर्ण झाली नाही. पण आई जिला हाक मारीत होती ती विठाई संख्या नव्हती. जे कधीही चुकत नाही आणि कधीही ऐकत नाही, ते एक. आणि चुकलेली गणतीही जो रुजू करून घेतो, तो दुसरा. या दोघांना एक करण्याची खटपट उदयनाचार्यांनी केली. मला ती साधलेली नाही. मी दोघांपुढेही हात जोडतो, आणि दोन नमस्कारांत अंतर राहते ते राहू देतो.

नातीला मी यातले काय सांगणार? एवढेच म्हणालो, “बाळ, दहापर्यंत मोजायचं हे आपण ठरवलं. पुढचं कुणीच ठरवलं नाही.”

“देवानंसुद्धा नाही?”

“मला वाटतं, नाही.”

“म्हणजे त्यालासुद्धा वजाबाकी करूनच बघावी लागते?”

नैयायिक म्हणतील की ईश्वराचे ज्ञान नित्य आहे. त्याला पाऊल टाकून उत्तरापर्यंत जावे लागत नाही, सातवे पाऊल आणि पहिले पाऊल त्याच्यापुढे एकदमच असतात. मी ते तिच्या भाषेत सांगितले, “नाही गं. त्याला आधीच ठाऊक असतं.”

ती जरा वेळ पेन्सिल दातांत धरून बसली. खाली संध्याकाळची भाजीची गाडी आली होती, तिची हाळी ऐकू येत होती.

“मग त्याला करून बघायची मजा नाही मिळत,” असे म्हणून तिने लिफाफा उसवला, त्याची आतली कोरी बाजू गुडघ्यावर सपाट केली आणि विचारले, “आबा, तुमचा जन्म कोणत्या साली झाला?”